आईला श्रद्धा शिकवू नका

माझ्या थोरल्या मुलाला नेफ्रॉटिक सिंड्रोम आहे हे कळून अडीच वर्षं झाली. या अडीच वर्षांत मला सगळ्यात जास्त वेळा मिळालेला सल्ला कुठला, तर ‘श्रद्धा ठेव’. सासूबाईंनी दिला, आईनं दिला, सोसायटीतल्या काकूंनी लिफ्टमध्ये दिला. मॅनेजरनं सुट्टी मंजूर करताना दिला, तोही इंग्रजीत. औषधाच्या दुकानातल्या काकांनी सुट्टे पैसे परत करताना दिला. यातल्या बहुतेक वेळा माझा नवरा माझ्या शेजारीच उभा होता. त्याला हा सल्ला एकदाही मिळाला नाही. त्याला सांगतात, ‘हिला सांभाळ रे.’ म्हणजे मूल आजारी, श्रद्धा ठेवायची मी, आणि मला सांभाळायचं त्यानं. आमच्या टीममध्ये कुणी कामाची अशी वाटणी केली असती तर पहिल्याच मीटिंगमध्ये भांडण झालं असतं.

सुरुवातीलाच सांगून टाकते, मी नास्तिक नाही. माझं माहेर मंगळवेढ्याचं. आजी माळकरी होती, मी तिच्या मांडीवर वाढले. सोलापुरात इंजिनिअरिंग केलं, आता पुण्यात कोड लिहिते, आणि रोज सकाळी विठ्ठलाचं नावही घेते. श्रद्धेनं मला उभं ठेवलंय, हे मी कुणाहीसमोर कबूल करीन. पण श्रद्धेनंच एकदा माझ्या मुलाला हॉस्पिटलात पोचवलं, हेही मला तितकंच कबूल करायचं आहे. दोन्ही गोष्टी एकाच घरात, एकाच देव्हाऱ्यापुढे घडल्या. तेव्हा ‘श्रद्धा चांगली की वाईट’ हा वाद मला शाळेतल्या वक्तृत्व स्पर्धेसारखा वाटतो. माझा वाद वेगळा आहे. आजारी मुलाच्या आईपुढे तुम्ही श्रद्धा म्हणून जे ठेवता, ते नक्की काय असतं?

आधी आजाराबद्दल थोडं. किडनीत रक्त गाळणारी चाळणी असते. या आजारात ती चाळणी गळायला लागते आणि रक्तातलं प्रोटीन लघवीवाटे जातं. रक्तात प्रोटीन कमी झालं की पाणी शरीरात साठतं. मूल सकाळी उठतं तेव्हा डोळे सुजलेले असतात. आम्हाला पहिल्यांदा वाटलं काहीतरी चावलं असेल. मग ॲलर्जी वाटली. मग पाय सुजले, चड्डीचं इलॅस्टिक पोटावर रुतायला लागलं, तेव्हा लघवी तपासली. तो अडीच वर्षांचा होता.

यावरचं मुख्य औषध म्हणजे स्टिरॉइड. बहुतेक मुलांना ते लागू पडतं. त्यातल्या बहुतेकांचा आजार पुन्हा उलटतो, त्याला रिलॅप्स म्हणतात. आणि त्यातली बरीच मुलं वयात येईपर्यंत यातून बाहेर पडतात. डॉक्टरांनी हे पहिल्याच दिवशी नीट समजावून सांगितलं होतं. पण ‘वयात येईपर्यंत’ म्हणजे किती सकाळी, याचा हिशेब आईच्या डोक्यात नंतर होतो. स्टिरॉइडनं तोंड गोल होतं, भूक भडकते, पोर चिडचिडं होतं. जेवणात मीठ कमी. आणि साधी सर्दीसुद्धा रिलॅप्सला पुरते. आमची धाकटी दोन वर्षांची आहे, पाळणाघरात जाते, दर पंधरा दिवसांनी नाक गळत घरी येते. तिची छाती भरते, रात्री नेब्युलायझर लावावा लागतो. तिची सर्दी चौथ्या-पाचव्या दिवशी भावाला होते, आणि मग आम्ही श्वास रोखून सकाळची वाट बघतो.

सकाळची म्हणजे स्ट्रिपची. रोज उठल्यावर त्याची पहिली लघवी एका वाटीत घ्यायची, त्यात कागदाची पट्टी बुडवायची, एक मिनिट थांबायचं आणि पट्टीचा रंग डबीवरच्या रंगांशी ताडून बघायचा. पिवळा राहिला तर काही नाही. हिरवा होत गेला तर ट्रेस, १+, २+, ३+. हे वहीत तारखेसकट लिहायचं. सलग तीन दिवस ३+ आलं तर रिलॅप्स, लगेच फोन करायचा. आमच्या आयुष्यातला सगळ्यात महत्त्वाचा दस्तऐवज म्हणजे ती दोनशे पानी वही. फ्लॅटचं ॲग्रीमेंट हरवलं तर एक वेळ चालेल.

आता ज्या घटनेसाठी हा लेख लिहायला बसले ती सांगते.

दुसऱ्या रिलॅप्सनंतर सासूबाईंनी तुळजाभवानीला नवस बोलला. नातू वर्षभर नीट राहिला तर तुळजापूरला जाऊन ओटी भरायची, आणि तोपर्यंत त्याच्या आईनं मंगळवार कडक करायचे, पाण्याशिवाय काही घ्यायचं नाही. नवस त्यांनी बोलला, उपास माझ्या वाट्याला आला, यात घरात कुणालाच काही विचित्र वाटलं नाही. मलाही नाही. उलट बरंच वाटलं. माझ्या हातात काहीच नव्हतं, त्यात काहीतरी हातात आलं. सात मंगळवार मी निभावले. आठव्या मंगळवारी ऑफिसात एका ज्युनिअरचा वाढदिवस होता, कुणीतरी केकचा तुकडा तोंडापुढे धरला आणि मी बोलता बोलता खाल्ला. गिळल्यावर आठवलं.

गुरुवारी सकाळी पट्टी हिरवी झाली. २+.

मी वहीत ‘ट्रेस’ लिहिलं.

शुक्रवारी ३+. मी ‘ट्रेस’ लिहिलं. शनिवारी तेच, रविवारी तेच. नवऱ्यानं विचारलं तर म्हटलं, ठीक आहे. सासूबाईंनी विचारलं तर म्हटलं, देवीची कृपा. सोमवारी पोराचे डोळे उघडत नव्हते आणि पोट ढोलासारखं ताणलं होतं. दुपारी आम्ही हॉस्पिटलात होतो. शिरेतून अल्ब्युमिन चढवलं, लघवी होण्याचं इंजेक्शन दिलं. एक तरुण निवासी डॉक्टर वही चाळत होती. ट्रेस, ट्रेस, ट्रेस, ट्रेस. ती म्हणाली, “मॅडम, असं कसं? एका रात्रीत इतकं?” मी म्हटलं, “खोटं लिहिलंय.”

ती रागावली नाही. थोडा वेळ गप्प राहिली. मग कारण विचारलं, आणि मी बी.ई. कॉम्प्युटर झालेली बाई तिला केकची गोष्ट सांगत रडले. तिनं सांगितलं ते मला शब्दशः आठवतं. “रिलॅप्स केकमुळे आलेला नाही. सर्दीमुळे आला असेल. पण चार दिवस वहीमुळे गेले.”

मी जे काम करते त्यात लॉग नावाची गोष्ट असते. सिस्टिममध्ये काय घडलं याची ती रोजनिशी. सर्व्हर बंद पडला की सगळ्यात आधी लॉग उघडतात, कारण माणसं विसरतात, सारवासारव करतात, लॉग करत नाही. लॉगमध्ये खोटं लिहिणं हे आमच्या धंद्यातलं महापाप. ते पाप मी माझ्या मुलाच्या बाबतीत चार दिवस केलं. का केलं? कारण नवसानं त्या पट्टीचा अर्थ बदलून टाकला होता. आठ आठवड्यांपूर्वी ती माझ्या मुलाच्या किडनीबद्दल सांगत होती. आता ती माझ्याबद्दल सांगायला लागली होती. हिरवा रंग म्हणजे मी चुकले. आणि चूक झाकायची सवय बाईला लहानपणापासून असते.

आमच्याकडे सर्व्हर पडल्यावर एक बैठक होते. तिला ‘ब्लेमलेस पोस्टमॉर्टेम’ म्हणतात. नाव अभद्र आहे, पण पद्धत चांगली आहे. काय घडलं, कधी घडलं, पुढच्या वेळी लवकर कसं कळेल, एवढंच विचारायचं. कुणी केलं हे विचारायचं नाही. हा नियम दयाळूपणातून आलेला नाही. दोष लागेल या भीतीनं माणसं माहिती लपवतात आणि तोच बग पुन्हा येतो, हे ठेचा खाऊन कळलं म्हणून आला. म्हणजे कंपनीला जे एका सर्व्हरच्या बाबतीत कळलं, ते आमच्या घरांना मुलाच्या बाबतीत कळत नाही. मूल आजारी पडलं की पहिला प्रश्न ‘आईनं काय केलं?’ गरोदरपणात ग्रहण पाळलं होतं का? पाचवी नीट पूजली होती का? कुलाचार चुकला का? नोकरी कधी सुरू केली? दूध कधी तोडलं? याला तुम्ही श्रद्धा म्हणता. मला हे चौकशी समितीसारखं दिसतं, आणि त्या समितीपुढे कायम एकच आरोपी असते.

माझी पहिली तक्रार आहे ती श्रद्धाळू मंडळींकडे. देवाशी व्यवहार करायला माझी हरकत नाही. हजारो वर्षं लोक करत आलेत. पण व्यवहाराच्या कागदावर सही कुणाची घेता ते बघा. नवस बोलणारे वेगळे, फेडणारी वेगळी. पोर बरं झालं तर देवाची कृपा, नाही झालं तर आईचा उपास मोडला. ज्या खात्यात जमा कायम दुसऱ्याच्या नावावर आणि खर्च कायम एकीच्या नावावर पडतो, ते खातं कुठलाही ऑडिटर पास करणार नाही.

आणि हे ‘आपल्या परंपरेतच आहे’ असं सांगू नका. परंपरा मलाही थोडी माहीत आहे. माझ्या आजीच्या दंडावर देवीचा वण होता. ‘देवी’ म्हणजे तो भयंकर रोग, आणि देवी म्हणजे त्या रोगाची मालकीण. रोगालाच देवीचं नाव देणाऱ्या बायकांकडे उपाय काय होता? कडुलिंबाचा पाला, गारवा आणि विनवणी. मग १८०२ च्या जूनमध्ये मुंबईत ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला हिंदुस्थानातली पहिली लस टोचली गेली. पुढे दीडशे-पावणेदोनशे वर्षं लस गावोगाव फिरली. १९७५ मध्ये भारतातला शेवटचा रुग्ण सापडला आणि १९८० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं जगातून हा रोग गेल्याचं जाहीर केलं. विरोध झाला, पोरं लपवली गेली, हे खरंच आहे. पण भाषेनं काय केलं ते बघा. लस टोचण्याला मराठी बायका ‘देवी काढणं’ म्हणायला लागल्या. रोगाचं नाव देवी, आणि लसीच्या वणाचं नावही देवीच. आजी हळदीकुंकवाला देवीच्या देवळात जायची आणि देवी काढून घ्यायला आपली सगळी पोरं रांगेत उभी करायची. तिला यात विसंगती दिसली नाही. लस टोचून घेतली म्हणून देवी कोपली असं ती कधी म्हणाली नाही. तिची श्रद्धा तुमच्या श्रद्धेपेक्षा कमी होती का? मला तरी ती जास्त वाटते, कारण ती औषधाला घाबरत नव्हती. आमच्या एका नातेवाईकांनी मात्र कुठल्याशा महाराजांचा काढा आणून दिला आणि म्हणाले, “ती स्टिरॉइडं बंद करा, श्रद्धेनं हे घ्या.” डॉक्टरांना न विचारता मधेच स्टिरॉइड थांबवलं तर पोराच्या जिवावर बेतू शकतं. मी काढा बेसिनमध्ये ओतला. त्यांनी आमच्याकडे येणं बंद केलं. हरकत नाही.

दुसरी तक्रार माझ्या स्वतःच्या गोतावळ्याकडे आहे. कॉलेजचे मित्र, ऑफिसातले वाचणारे-लिहिणारे लोक, स्वतःला विवेकवादी म्हणवणारे. केकची गोष्ट मी त्यांना सांगितली असती तर ते म्हणाले असते, बघ, आम्ही सांगत होतो. त्यांच्यातल्या एकानं मुलाच्या मनगटावरचा काळा दोरा बघून विचारलं होतं, “इंजिनिअर ना तू?” सगळे हसले, मीही हसले. घरी येऊन मी तो दोरा बराच वेळ बघत बसले. तो माझ्या आईनं बांधला होता. आई गुडघ्यांमुळे पुण्याला येऊन राहू शकत नाही. दोरा बांधण्यापलीकडे तिच्या हातात काही नव्हतं. तो दोरा किडनीवर काम करत नाही हे तिला कळत नाही असं वाटतं तुम्हाला?

माझ्या या मित्रांच्या भिंतीवर डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा फोटो असतो. तो असावाच. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात त्यांचा खून झाला आणि त्यांनी वर्षानुवर्षं ज्याच्यासाठी लढा दिला तो जादूटोणाविरोधी कायदा त्याच वर्षी आला. पण तो कायदा एकदा वाचा. साप, कुत्रा, विंचू चावल्यावर माणसाला उपचारांपासून अडवून मंत्रतंत्र करणाऱ्याला तो पकडतो. भजन, कीर्तन, यात्रा यांना हात लावत नाही. माणसाची फसवणूक आणि माणसाची श्रद्धा यात फरक करण्याची शिस्त त्यात आहे, आणि ती दाभोलकरांच्या संघटनेच्या मांडणीतच होती. ही शिस्त फोटो लावणाऱ्यांमध्ये क्वचित दिसते. काढा विकणारा महाराज आणि दोरा बांधणारी आजी त्यांना एकाच रांगेत दिसतात. आणि दोघांची टवाळी करून झाली की ते घरी जातात. रात्री तीनला नेब्युलायझरच्या घरघरीत बसलेल्या बाईला ते काय देतात? माहिती. ती माझ्याकडे त्यांच्यापेक्षा जास्त आहे. या आजाराबद्दल जे काही वाचता येण्यासारखं होतं ते मी वाचलंय. माहितीनं हात थरथरायचा थांबत नाही.

या दोन्ही बाजूंना मी एक नाव आठवून देते, आनंदीबाई जोशी. चौदाव्या वर्षी मूल झालं आणि दहा दिवसांत गेलं. त्या दुःखातून या मुलीनं ठरवलं की आपण डॉक्टर व्हायचं. १८८३ मध्ये श्रीरामपूरच्या कॉलेजात, बंगालमधल्या, तिनं भर सभेत सांगितलं की मी अमेरिकेला जाणार आणि हिंदू राहूनच परत येणार. १८८६ मध्ये ती पेनसिल्व्हेनियात डॉक्टर झाली. श्रद्धाळूंनी तिच्या समुद्र ओलांडण्याला नावं ठेवली. सुधारकांना तिचं धर्माला धरून राहणं अवघड वाटलं असणार. पण ‘मूल गेलं, देवाची इच्छा’ म्हणून ती बसली नाही, आणि मूल गेलं म्हणून तिनं देवाला घराबाहेरही काढलं नाही. तिनं वैद्यकशास्त्र शिकून घेतलं. माझ्या मते मूल गमावलेल्या आईनं श्रद्धा आणि विज्ञान या दोघांकडून काय मागावं याचा याहून नेमका दाखला आपल्याकडे नाही. आणि वयाच्या बाविशीच्या आत ती स्वतः क्षयानं गेली, तेव्हा हा दाखला सुखान्त नाही, हेही लक्षात असू द्या.

मग श्रद्धेनं मला ताकद दिली म्हणते, ती कुठली?

आजी जनाबाईची गोष्ट सांगायची. नामदेवांच्या घरची दासी, पहाटे दळण दळते आहे, आणि विठ्ठल येऊन तिच्याबरोबर जात्याला बसतो. लहानपणी मला ही गोष्ट गोड वाटायची. वॉर्डात, मोडक्या खुर्चीत बसून ती आठवली तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. देव जनाबाईला म्हणत नाही की श्रद्धा ठेव, दळण आपोआप होईल. तिच्या उपासांचा हिशेब मागत नाही. दळण तेवढंच राहतं, जातं तेवढंच जड राहतं. फक्त खुंट्याला दुसरा हात येतो. आमच्या मंगळवेढ्याच्या चोखोबांची गोष्टही अशीच. सोयराबाईचं बाळंतपण, घरात कुणी नाही, तर विठ्ठल नणंदेचं रूप घेऊन येतो आणि बाळंतिणीचं सगळं करतो. ज्या कुटुंबाला देवळाची पायरी चढायला बंदी होती, त्यांच्या घरी देव बाळंतपण करायला आला, असं आमच्या लोकांनी सांगून ठेवलंय.

यावर माझा मित्र काय म्हणेल ते मला माहीत आहे. म्हणेल, गावातला एकही माणूस आला नाही म्हणूनच देवाला आणावं लागलं. ही गोष्ट म्हणजे गावाची लाज झाकायचं पांघरूण आहे. त्याचं म्हणणं मला पटतं, अगदी शंभर टक्के पटतं. पण ती गोष्ट पहिल्यांदा सांगणाऱ्यांना हे कळत नव्हतं असं समजू नका. देव आला असं म्हणताना, तुम्ही आला नाहीत, हे त्यात स्वच्छ ऐकू येतं. आणि देव कसा असावा हेही त्यात ठरवलेलं आहे. बाळंतिणीपुढे प्रवचन देणारा नको, तिच्यासाठी पाणी तापवणारा हवा.

वॉर्डात आमच्या शेजारच्या खाटेवर उस्मानाबादकडची एक मुस्लिम बाई होती, तिची सात वर्षांची मुलगी ॲडमिट होती. तिच्या हातात तसबीह असायची. ज्यांनी लहान मूल घेऊन हॉस्पिटलात दिवस काढलेत त्यांना माहीत असेल, तिथे आईची सगळ्यात मोठी अडचण असते बाथरूमला जाण्याची. सलाइन लावलेलं पोर एक मिनिट सोडता येत नाही. पहिल्या रात्री मी किती वेळ थांबले मलाच माहीत. ती बाई उठली, तसबीह मनगटावर गुंडाळली, माझ्या मुलाचा सलाइनचा हात धरून बसली आणि म्हणाली, “जाऊन या ताई, मी आहे.” मी आले तेव्हा ती त्याच्या डोक्यावरून हात फिरवत काहीतरी पुटपुटत होती. तिनं मला श्रद्धा ठेव म्हणून सांगितलं नाही. माझा देव कुठला, उपास पाळते का, असं विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी ती अंघोळीला गेली तेव्हा मी तिच्या मुलीजवळ बसले आणि मलाही दुसरं काही सुचेना, मी विठ्ठल विठ्ठल म्हणत बसले. त्या चार दिवसांत मला जी ताकद मिळाली ती या जाण्यायेण्यातून मिळाली. तिला श्रद्धा म्हणा किंवा म्हणू नका.

घरी आल्यावर मी मंगळवार सोडले. सासूबाईंना सरळ सांगितलं, “आई, नवस तुमचा होता, तुम्हीच देवीला सांगा. मला जमणार नाही.” आठ दिवस त्या माझ्याशी मोजकंच बोलल्या. विठ्ठलाचं नाव मात्र मी ठेवलं, पण त्याची जागा ठरवून टाकली. पट्टी बुडवल्यापासून रंग ठरेपर्यंतचं जे एक मिनिट असतं, तेवढं त्याचं. मी मागत काही नाही. इंजिनिअर असल्यामुळे हिशेब बघितलाच: नाव रोज घेतलंय, तरी त्यानंतर दोनदा रिलॅप्स आला. पट्टीचा रंग नावानं बदलत नाही. फरक पडतो तो माझ्यात. त्या एका मिनिटात मी नाव घेते, म्हणून पुढच्या क्षणी डोळे उघडून रंग बघू शकते, आणि जो दिसतो तोच लिहू शकते. माझ्या श्रद्धेकडून मला एवढंच काम हवं आहे. जी श्रद्धा खरी नोंद लिहायचं बळ देते ती मी ठेवीन. जी खोटी नोंद लिहायला लावते ती कुठल्याही देवाच्या नावानं आली तरी घरात घेणार नाही.

तेव्हा, ज्यांना ज्यांना आजारी मुलाच्या आईला श्रद्धा द्यायची आहे त्यांनी कृपा करून डबा द्यावा. मीठ कमी घातलेला. तिच्या धाकट्या पोराला दोन तास आपल्याकडे न्यावं, पण स्वतःला सर्दी नसेल तर. नेब्युलायझर कसा लावायचा हे शिकून घ्यावं. तिची रात्रीची एक पाळी घ्यावी. ‘श्रद्धा ठेव’ या दोन शब्दांना काही खर्च येत नाही, म्हणूनच ते इतक्या सढळ हातानं वाटले जातात. आणि विवेकवादी मित्रांनो, तुम्हालाही हेच. दोऱ्यावर विनोद करायचा असेल तर जरूर करा, पण करायला घरी या, आणि आलात की जाताना भांडी घासून जा.

सासूबाईंचं सांगून थांबते. महिन्याभरापूर्वी धाकटी रात्रभर खोकत होती. मी तिला मांडीवर घेऊन पहाटे कधीतरी बसल्या बसल्या झोपले. जाग आली तेव्हा सात वाजून गेले होते आणि स्ट्रिप राहिली म्हणून मी धडपडत उठले. सासूबाई बाथरूमच्या दारात चष्मा लावून उभ्या होत्या. एका हातात पट्टी, दुसऱ्या हातात रंगांची डबी, ओठांवर जगदंबेचं नाव. नवऱ्याकडून त्यांनी सगळं शिकून घेतलं होतं, मला न सांगता. मिनिट झाल्यावर त्यांनी पट्टी खिडकीशी नेऊन उजेडात दोनदा ताडून बघितली. मग वही उघडली. त्यांचं शिक्षण सातवीपर्यंतचं, लिहायची सवय राहिलेली नाही. सावकाश, गोल अक्षरात त्यांनी तारीख घातली आणि पुढे लिहिलं: २+.

“कालच्यापेक्षा वाढलंय गं,” त्या म्हणाल्या. “आज लक्ष ठेवू. तू झोप अजून थोडं.”